बोर्डिंगाचे गाडगे

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मी जुन्या काळची काही माहिती लिहून द्यावी, असे आपल्या अध्यक्षीणबाईंनी सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पापडाचे प्रमाण विचाराल तर चटकन सांगेन, पण इतिहास लिहायचा म्हणजे त्याला अभ्यास लागतो. तरी बाईंनी पिच्छा सोडला नाही. मग मी त्यांना म्हटले, राजेरजवाड्यांचे मला काही सांगता येणार नाही. मात्र एका गाडग्याचा इतिहास मला ठाऊक आहे, तो लिहिते. त्या हसल्या आणि म्हणाल्या, लिहा. म्हणून भगिनींनो, हा लेख.

हे गाडगे आमच्या घरात जात्याशेजारी असे. त्याला घरातली सर्व माणसे "बोर्डिंगाचे गाडगे" म्हणत. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याचे काम कधीच संपले होते आणि त्यात हळकुंडे ठेवलेली होती. पण आमच्या आजेसासूबाई, ज्या २००६ साली वारल्या, त्या मात्र शेवटपर्यंत त्याला त्याच नावाने हाक मारीत. "सूनबाई, बोर्डिंगाच्या गाडग्यातलं हळकुंड दे," असे म्हणत. बोर्डिंग म्हणजे साताऱ्याचे शाहू बोर्डिंग. आमचे मामंजी त्या बोर्डिंगात १९५३ पासून १९५८ पर्यंत शिकले. गेल्या पौषात त्यांच्या वेळची हयात असलेली मुले तेथे पुन्हा जमली. मुले म्हणायचे इतकेच, सर्वांत लहान जो तो ब्याऐंशी वर्षांचा. मामंजींना आता एकट्याने प्रवास झेपत नाही, म्हणून मी सोबत गेले. तेथे जे ऐकले आणि घरी आजेसासूबाईंकडून जे पूर्वी ऐकले होते, ते दोन्ही एकमेकांशेजारी ठेवल्यावर मला जे दिसले ते आता सांगते.

आधी बोर्डिंगची हकीकत. आपल्या जिल्ह्यात ती सर्वांना ठाऊक आहे असे आपण धरून चालतो, पण माझ्या मुलीला विचारले तर तिला पुतळा तेवढा ठाऊक. म्हणून थोडक्यात लिहिते.

भाऊराव पाटलांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. घराणे ऐतवडे बुद्रुकचे, धर्माने जैन. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास राहिले. त्या वेळी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांची मोठीच चळवळ चालविली होती. १९०१ सालापासून एकामागून एक वसतिगृहे निघाली. मराठ्यांचे निराळे, जैनांचे निराळे, मुसलमानांचे, लिंगायतांचे, आणि अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाचे. खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा व दोन वेळचे अन्न मिळाले तरच तो शिकेल, ही गोष्ट महाराजांनी ओळखली. पण त्या काळी जातवार वसतिगृह काढल्याखेरीज कोणी मुलगा पाठविला नसता, म्हणून त्यांनी तसे केले. भाऊराव जैन बोर्डिंगात होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास जाऊन आल्यावर अंघोळ करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यावरून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे सांगतात. पुढे मॅट्रिकही त्यांच्या हातून झाली नाही. पोटासाठी त्यांनी नाना उद्योग केले. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी ते गावोगाव हिंडले. नांगर विकता विकता खेड्यातले घर न् घर त्यांना कळले, असे मामंजी म्हणतात.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली वसतिगृह साताऱ्यास आणले. येथे जातवार खोल्या नाहीत, जातवार पंगती नाहीत. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, ब्राह्मण, ज्याला शिकायचे आहे त्याने यावे, एकत्र राहावे आणि एकत्र जेवावे. कोल्हापुरात जे निरनिराळ्या छपरांखाली होते ते साताऱ्यात एका छपराखाली आले. हा फरक वाचताना लहान वाटतो, पण आपण बायका स्वयंपाकघरातल्या आहोत. एका चुलीवरचे सर्वांनी खाणे म्हणजे त्या काळी काय होते, ते आपल्याला पुरुषांपेक्षा अधिक कळते. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव दिले गेले. बोर्डिंग धनिणीच्या बागेत होते. बागेला हे नाव कसे पडले ते असो, पण मला ते फार आवडते.

आता लक्ष्मीबाई. भाऊरावांच्या पत्नी. आज संस्थेत त्यांना रयतमाऊली म्हणतात. त्यांच्या माहेरी-सासरी सोवळ्याओवळ्याचे वळण. अशी बाई साताऱ्यास येऊन सर्व जातींच्या मुलांच्या ताटात वाढू लागली. प्रथम त्यांना ते जड गेले, हे सर्व चरित्रांत आहे, आणि जड गेले नसते तरच नवल. पण मग त्या मुलांच्या आईच झाल्या. आजारी मुलाच्या उशाशी बसणे, कोणाचे डोके धुऊन देणे, कोणाला घरची आठवण आली तर जवळ घेणे, हे सर्व त्यांनी केले. पैशाची तंगी कायमची. एकेक दागिना मोडत गेला. शेवटी एकदा भाऊराव परगावी असताना बोर्डिंगात दाणा शिल्लक राहिला नाही, तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र दिले आणि मुलांना जेवू घातले.

ही गोष्ट सभांतून पुष्कळदा सांगितली जाते. ऐकणारे डोळे पुसतात. मीही पुसते. पण सांगणारे बहुतेक पुरुष असल्याने ते सोन्यापाशी थांबतात. भगिनींनो, मंगळसूत्र मोडले म्हणजे सोने गेले इतकेच नव्हे. दुसऱ्या दिवशी पाण्याला जायचे असते. हळदीकुंकवाचे बोलावणे येते. नवरा हयात असताना रिकाम्या गळ्याने चार बायकांत उभे राहायचे आणि प्रत्येकीच्या नजरेला उत्तर द्यायचे. ते सोन्यापेक्षा महाग. आणि ३० मार्च १९३० रोजी त्या वारल्या. बोर्डिंगला नाव मिळाल्याला पुरती तीन वर्षे झाली होती. १९३५ साली शिक्षकांचे ट्रेनिंग कॉलेज निघाले, १९४० साली मुलांना स्वतःच्या श्रमावर शिकता येईल असे महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, यांपैकी काहीही त्यांनी पाहिले नाही.

आता गाडग्याकडे येते.

सोने एकदाच मोडता येते. रोजच्या भाकरीला रोज दाणा लागतो. म्हणून मुष्टिफंडाची कल्पना निघाली. घरोघर एक भांडे ठेवायचे आणि बाईने रोज दळायला किंवा रांधायला बसताना त्यात एक मूठ धान्य टाकायचे. ठरल्या दिवशी बोर्डिंगची मुले झोळी घेऊन येत आणि गोळा झालेले धान्य नेत. आमच्या घरी ही चाल आजेसासूबाईंच्या सासूबाईंनी सुरू केली. आजेसासूबाई बारा-तेरा वर्षांच्या असताना, १९३० च्या सुमारास, लग्न होऊन आल्या. त्यांना सासरी शिकवलेली पहिली गोष्ट कोणती, तर पहाटे जात्यावर बसताना आधी गाडग्यात मूठ टाकायची आणि मग जात्यात घास घालायचा. त्या सांगत, "आधी देवाची मूठ आसंल म्हणून टाकत हुते. मग कळलं, पोरांची हाय." त्या वेळी आमच्या घरचा एकही मुलगा बोर्डिंगात नव्हता. मामंजींचा जन्म व्हायला आणखी दहा-अकरा वर्षे होती.

मी एकदा घरी ज्वारी घेऊन मोजून पाहिले. माझ्या हाताच्या वीस मुठींचा एक किलो होतो. वाढत्या वयाच्या मुलाला दिवसाला अर्धा किलो पीठ सहज लागते, म्हणजे महिन्याला पंधरा किलो. पंधरा किलोंच्या तीनशे मुठी. तेव्हा दहा घरांतल्या दहा बायकांनी महिनाभर एकही दिवस न चुकता मूठ टाकली, तर एका मुलाचे जेवण होते. हा हिशोब मी बोर्डिंगात त्या वृद्ध मंडळींना सांगितला. ती सर्व शिकली-सवरलेली माणसे, कोणी मुख्याध्यापक, कोणी इंजिनियर, कोणी मामलेदार होऊन निवृत्त झालेले. एक गृहस्थ बोटांवर मोजून म्हणाले, "म्हणजे आम्ही प्रत्येक जण दहा-दहा आयांचे." मला वाटते आईच्या आधी तेथे कष्ट हा शब्द यायला हवा होता, पण म्हाताऱ्या माणसाला मी तसे बोलले नाही.

यात मुलांचे श्रम नव्हते असे कोणी समजू नये. मामंजींच्या हाताला अजून घट्टे आहेत, ते शेतीचे कमी आणि बोर्डिंगचे जास्त, असे ते सांगतात. पहाटे उठून पाणी भरायचे, खोदकाम, बांधकाम, भाजीचे वाफे, पाळीपाळीने स्वयंपाक, भांडी, आणि मग अभ्यास. भाकरी मुलेच थापीत. पहिली भाकरी कोणाची कशी झाली यावर त्या दिवशी तासभर बोलणे चालले होते. एकाची म्हणे तव्यावर हिंदुस्थानचा नकाशा होई. हसता हसता त्यांचे दात सांभाळणे आम्हाला कठीण झाले. पंचाऐंशी वर्षांचा माणूस "तू माझा गूळ चोरला होतास" म्हणून दुसऱ्यावर खरोखर रागावतो, हे मी तेथे पाहिले. अण्णा, म्हणजे भाऊराव, त्या वेळी वृद्ध झाले होते. ते वारले ९ मे १९५९ रोजी, म्हणजे मामंजी बोर्डिंग सोडून गेल्यावर वर्षभराने. पांढरी दाढी, खादीचे कपडे, हातात काठी, एवढे रूप मामंजींना आठवते. ते आले की मुले आपोआप सरळ उभी राहत.

दुपारी त्यांनी हट्टाने पंगत मांडायला लावली. गुडघे कोणाचेच वाकत नव्हते. तिघे खुर्चीवर बसले, बाकीच्यांना धरून खाली बसविले. झुणका, भाकरी, कांदा. मामंजींच्या शेजारी त्यांचे एक स्नेही बसले होते. ते पूर्वीच्या महार समाजातले, आता बौद्ध, सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन पुण्यास असतात. पाच वर्षे दोघे एका खोलीत, एका पंगतीत होते. त्यांनी मला जवळ बोलावून विचारले, "सूनबाई, तुमच्या घरी जात्यापाशी एक कोनाडा होता, तो आहे का अजून?" मी म्हटले, घर पाडून नवे बांधले, कोनाडा गेला. ते गप्प झाले. मामंजीही गप्प झाले. मला त्याचे कारण ठाऊक होते. ते कारण आजेसासूबाईंनी मला सांगितलेले होते, आणि ते लिहिले नाही तर गाडग्याचा इतिहास अर्धा राहील, म्हणून मामंजींची परवानगी घेऊन लिहिते.

१९५६ सालची दिवाळीची सुटी. ऑक्टोबरात, १४ तारखेला, नागपुरास बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली होती आणि खेड्यापाड्यांत त्याची चर्चा चालू होती. मामंजी पंधरा वर्षांचे. ते आणि हे स्नेही पायी निघाले. स्नेह्यांचे गाव आमच्या पुढे चार कोस. संध्याकाळ झाली म्हणून मामंजींनी त्यांना मुक्कामाला घरी आणले. बोर्डिंगात कोणी कोणाची जात पाहिली नव्हती, तेव्हा मुलाच्या मनात काही आलेच नाही. पण घरात वडीलधारी मंडळी होती. आजेसासूबाईंना आतून सांगणे आले. त्यांनी जात्याजवळच्या कोनाड्यातले वेगळे ठेवलेले जर्मनचे ताट काढले आणि पाहुण्या मुलाला ओसरीच्या खाली वाढले. मामंजींना आत पितळीत वाढले होते. मामंजी उठले, आपली पितळी तेथेच ठेवून बाहेर गेले आणि त्या जर्मनच्या ताटात मित्राबरोबर जेवले. घरात कोणी एक शब्द बोलले नाही. रात्री दोघे बाहेरच झोपले आणि पहाटे निघून गेले. त्या दिवाळीत मामंजी घरी परत आलेच नाहीत, मित्राच्या गावीच राहिले.

आजेसासूबाई हे सांगत तेव्हा त्यांचा आवाज अगदी खाली जाई. त्या म्हणत, "सव्वीस वर्सं मी गाडग्यात मूठ टाकली. तेवढ्यात त्या पोराच्या पोटात माझी मूठ गेली नसंल का? तिथं माझी मूठ चालत हुती, आन् हितं माझ्या हातनं ताट येगळं निघालं." त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण बोर्डिंग कशासाठी होते ते मला कोणत्याही पुस्तकापेक्षा त्यांच्या या बोलण्यातून अधिक कळले. त्यांनी ते ताट दुसऱ्या दिवशी चुलीत टाकायला घेतले होते. सासऱ्यांनी काढून घेतले, कारण धातूचे ताट असे फुकट घालवायचे नसते. मग ते गुरांच्या आंबोणाला लावले. पुढे चार वर्षांनी मामंजींचे लग्न झाले, तेव्हा हे स्नेही आले आणि आत पंगतीत बसले. वाढायला आजेसासूबाई स्वतः होत्या. दोनदा विचारून त्यांनी पोळी वाढली, असे स्नेही त्या दिवशी मला म्हणाले. पोळीवर तूप किती होते तेही त्यांना आठवत होते.

आता यात मुली कोठे होत्या, हा प्रश्न माझ्या मनात पूर्वीपासून आहे. मामंजींच्या थोरल्या बहीण, आमच्या आत्येसासूबाई, आज शहाऐंशी वर्षांच्या आहेत. धाकटा भाऊ बोर्डिंगात गेला तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या आणि त्यांची शाळा दुसरीतच संपली होती. भावासाठी महिन्याला घरून जोंधळ्याचे पोतडे जाई. ते निवडायचे, पाखडायचे, हे काम त्यांचे. त्यांच्या हाताखालून गेलेल्या दाण्यावर भाऊ मॅट्रिक झाला. आपल्याला त्याचे वाईट वाटले का, असे मी एकदा विचारले. त्या म्हणाल्या, "वाईट कशाचं? तवा मुलीला बोर्डिंग आसतंय हे ठावंच नव्हतं."

मुलींसाठी बोर्डिंग नव्हते असे नाही. पुण्यास हुजूरपागेची मुलींची शाळा १८८४ साली निघाली होती. अण्णासाहेब कर्व्यांचा आश्रम १९०० साली हिंगण्यास गेला आणि त्याने पुष्कळ विधवांचे जन्म सावरले. पण साताऱ्याच्या खेड्यातल्या कुणब्याच्या मुलीला पुणे म्हणजे परदेश. पुढे रयत संस्थेनेही साताऱ्यात जिजामाता अध्यापिका विद्यालय काढले, मुलींची वसतिगृहे काढली, सोलापूरला लक्ष्मीबाईंच्या नावाचे महिला महाविद्यालय आहे. हे सर्व झाले, आणि ते मोठे झाले. पण क्रम असा लागला की आधी मुलगे गेले आणि मुलींच्या हाती गाडगे राहिले. बोर्डिंगने हा क्रम लावला असे मी म्हणत नाही. तो घरांनी लावला. अण्णा झोळी घेऊन दारात आले तेव्हा घराने मूठ दिली, मुलगा दिला, मुलगी दिली नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर १९९३ साली मी सातवी पास झाले. गावात शाळा सातवीपर्यंतच. हायस्कूल दोन कोसांवर. माझा भाऊ आधीच तेथे सायकलवर जात होता. दुसरी सायकल घ्यायची की म्हशीला पेंड, असा प्रश्न होता, आणि म्हैस दूध देत होती. पुढे सरकारने मुलींना एस.टी.चा पास फुकट केला, पण तोवर मी चुलीपुढे चांगली रुळले होते. बोर्डिंगातल्या त्या दिवशी एका आजोबांनी मला विचारले, "सूनबाई, शिक्षण किती?" मी म्हटले सातवी. "का गं, पुढे का नाही?" मी म्हटले, हायस्कूल दोन कोस लांब होते. ते थट्टेने म्हणाले, "आम्ही तर सात कोस चालत आलो होतो." तेव्हा मामंजींचे ते पुण्याचे स्नेही म्हणाले, "तुम्हा-आम्हाला जाऊ दिलं म्हणून चाललो." त्यावर सर्वच जण काही वेळ बोलले नाहीत. मग कोणीतरी चहा आला का ते विचारले.

माझी मुलगी आता बी.एस्सी.ला आहे आणि वसतिगृहातच राहते. तिच्या मेसच्या भाजीबद्दल रोज तक्रार असते. मी ऐकून घेते.

परत येताना गाडीत मामंजी मला म्हणाले की, आम्ही सर्वांनी मिळून आठवणींची एक वही करायची ठरविली आहे. कोणत्या साली कोण होते, गुरुजी कोण, खोली कोणती, कोण पुढे काय झाले, असे सर्व लिहायचे. मी म्हटले, त्यात एक पान आमच्या आळीचे घाला. आपल्या आळीत कोणकोणत्या घरी गाडगे होते आणि त्यात मूठ टाकणारी कोण होती, तेवढे लिहा. ते म्हणाले, हे तर सोपे आहे, आणि घरी आल्यावर कागद घेऊन बसले. बारा घरे त्यांना लगेच आठवली. घरधन्यांची नावे आठवली, त्यांच्या बैलांची नावेसुद्धा आठवली. पण बाईचे नाव लिहायची वेळ आली की "अमक्याची आई", "तमक्याची बायको", "पाटलाची थोरली", "ती तोतरी बोलायची ती". बारापैकी दोनच नावे निघाली. एक आजेसासूबाईंचे, आणि दुसरे दही विकणाऱ्या एका बाईचे, कारण ती आपले नाव ओरडूनच दही विकीत असे.

मग मी तो कागद घेऊन निघाले. ज्यांच्या घरी अजून कोणी जुने माणूस आहे त्यांच्याकडे गेले. रेशनकार्डे पाहिली, एका घरी देवाजवळच्या टाकावर नाव सापडले, एका घरी तांब्यावर कोरलेले सापडले. लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव घालीत असत, त्याचा असा उपयोग झाला. आपल्या मंडळातल्या तिघी-चौघींनी यात मला फार मदत केली. आता सात नावे झाली आहेत. ती मंडळाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवली आहेत, ज्यांना पाहायची असतील त्यांनी पाहावीत, आणि आपल्या आळीतली कोणाला आठवत असतील तर त्याच पानावर लिहावीत.

पाच घरे राहिली. आत्येसासूबाईंना फोन करून विचारले. त्यांना विहिरीजवळच्या घरातल्या बाईचे नाव अगदी जिभेवर आहे, पण येत नाही. दिवाळीला माहेरी येईन तेव्हा त्या घरासमोर उभी राहिले की आठवेल, असे म्हणाल्या.